नव्या आईला न पटलेली गोष्ट

लग्न होऊन ती त्या घरात आली तेव्हा नवऱ्याच्या पहिल्या बायकोची दोन मुलं दारातच उभी होती. मुलगी आठ वर्षांची, मुलगा जेमतेम चारचा. त्यांची आई आजारपणात गेली होती. आता हिला 'आई' म्हणायचं तर तिला काय म्हणायचं, असा मुलांना प्रश्न पडला. तोडगा मुलीनेच काढला: हिला 'नवी आई' म्हणायचं. ते नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे केस पिकले, दाढा पडल्या, तरी ती सगळ्यांची नवी आईच राहिली.

ती एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. वाफेवर तापलेले दोन लांबलचक रूळ, त्यांच्यामध्ये ओली चादर ताणून सरकवायची, म्हणजे पलीकडून ती कडक होऊन बाहेर येते. रूळ थांबत नाहीत म्हणून बाईलाही थांबता येत नाही. कामाची पाळी संपेपर्यंत घोटे सुजून चपलेचे पट्टे पायात रुतायचे. घरी आली की ती आधी भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसायची. ती आपणहून उठेपर्यंत तिला काही विचारायचं नाही, हे मुलं न सांगता शिकली होती.

नवरा ट्रक चालवायचा. आधी आठवड्याने यायचा, मग महिन्याने, मग येईनासाच झाला. त्याच्याबरोबरच्या चालकाने बरेच आढेवेढे घेऊन सांगितलं, की वाटेवरच्या एका गावात त्याने दुसरा संसार थाटलाय. नवी आई त्याला म्हणाली, बरं झालं सांगितलंत, आणि त्याचा चहाचा कप विसळायला घेतला. रडायचं तिने सुट्टीच्या दिवसावर ढकललं. सुट्टीच्या दिवशी कपड्यांचा ढीग पडला होता.

लोक म्हणू लागले, मुलांना मामाकडे पोचव. मामा त्यांच्या आईचा सख्खा भाऊ, खाऊनपिऊन सुखी, पोटी मूल नाही. तू कशाला जीव काढतेस? यातलं काहीच खोटं नव्हतं.

त्याच सुमारास शाळेत बाईंनी मुलीच्या वर्गाला एक जुनी परीकथा सांगितली. संध्याकाळी मुलीने ती भावाला सांगितली आणि नवी आई भिंतीला टेकून ऐकत राहिली. लाकूडतोड्याच्या घरात खायला उरत नाही. सावत्र आई म्हणते, पोरांना जंगलात सोडून ये. बाप आधी नको नको म्हणतो, मग सोडून येतो. मुलं वाटेवर पावाचे तुकडे टाकत जातात, ते पाखरं खाऊन टाकतात. मग ते खाऊचं घर, त्यातली चेटकीण, तिला भट्टीत ढकलणं, आणि शेवटी वाट सापडून घरी येणं. बाईंनी तात्पर्यही सांगितलं होतं: संकटात डोकं शांत ठेवावं, आणि भावंडांनी एकमेकांची साथ सोडू नये.

"घरी आल्यावर बाप काय म्हणाला?" नव्या आईने विचारलं.

"काही नाही. रडला आणि दोघांना जवळ घेतलं."

"आणि ती बाई?"

"ती मेली होती."

"कशानं?"

मुलीने आठवून पाहिलं. "ते गोष्टीत नाही."

जो हाताला धरून सोडून आला, त्याच्या गळ्यात पडायचं, आणि जी नुसती बोलली तिला मारून मोकळं व्हायचं, हे काही नव्या आईला पटलं नाही. पण जेवणं व्हायची होती. ती भिंतीचा आधार घेत उठली.

त्या हिवाळ्यात मुलाला ताप यायला लागला. रात्री त्याच्या उशाशी, दिवसा रुळांपाशी, असं करता करता एकदा चादर धरून उभ्या उभ्याच तिचा डोळा लागला आणि मनगट रुळाला चिकटलं. बरोबरच्या बाईने ओढलं म्हणून हात वाचला. पट्टी बांधून घरी बसलेली असताना तिने मामाला निरोप पाठवला. मुलगा बरा झाल्यावर दोघांचे कपडे भरले आणि त्यांना घेऊन बसमध्ये बसली.

मुलगी खिडकीला नाक लावून बसली होती. बोलायला गेलं की नुसतं हूं करायची.

"काय बघतेस एवढं?"

"वळणं लक्षात ठेवतेय," मुलगी म्हणाली. आवाजात राग नव्हता की रडू नव्हतं.

नव्या आईला पावाचे तुकडे आठवले. तरी मामाचं गाव आलं तेव्हा ती उतरली. मामीने मुलांना कुरवाळलं, वेगळी खोली दाखवली, हिला जेवून जायचा आग्रह केला. वाईट माणसं असती तर सोपं झालं असतं. घरी परतल्यावर नवी आई आडवी झाली ती दुसऱ्या दिवशी दुपारीच उठली. उठल्यावर बरं वाटलं. ते बरं वाटणंच तिला पुढे कैक वर्षं टोचत राहिलं.

मनगट भरत आल्यावर ती राहिलेले कपडे द्यायला गेली. मुलगा मामाच्या मांडीवर बसून मोडका रेडिओ खोलत होता. अंगाने भरला होता. त्याने हात हलवला आणि पुन्हा डोकं रेडिओत घातलं. मुलगी मात्र पिशवी भरून दाराशी तयार. मामाने समजावलं, मामीने डोळ्यांना पदर लावला, पण ती हलली नाही. शेवटी मुलगा तिथे राहिला आणि मुलगी परत आली. शाळेतल्या बाईंचं तात्पर्य तिथेच फसलं.

बसमध्ये नव्या आईने विचारलं, "मामी रागावते का?"

"नाही. खूप लाड करते."

"मग?"

"तिथे मला कुणी काम सांगत नाही. पाहुण्यासारखं किती दिवस राहायचं?"

ही मुलगी पुढे शिकून शिक्षिका झाली. लहान मुलांच्या गोष्टींचा तिने अभ्यास केला. एकदा शिक्षकांपुढे त्याच परीकथेवर तिचं व्याख्यान होतं, त्याला ती नव्या आईला घेऊन गेली. जंगल म्हणजे मोठं होणं, पावाचे तुकडे म्हणजे परत फिरायची खोटी आशा, सावत्र आई आणि चेटकीण या एकाच भुकेची दोन रूपं, म्हणून एक मेली की दुसरीही मरते, असं तिने समजावून सांगितलं. टाळ्या झाल्या. रिक्षात बसल्यावर तिने विचारलं, कसं झालं?

"छान बोललीस. मध्ये जरा डोळा लागला माझा," नवी आई म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "त्या बाईला भूक म्हणालीस. दमलेली होती, असं का नाही म्हणालीस?"

मुलीने रिक्षावाल्याला वळण सांगितलं. मग म्हणाली, "दमलेल्या माणसाची गोष्ट कुणी सांगत नाही गं."

नवी आई निवृत्त झाली त्या वर्षी मुलांचा बाप आला. एका दुपारी दारात म्हातारा उभा. दुसरा संसारही मोडला होता, नजर अधू झाली होती. मुलीने त्याला आत बसवलं, चहा दिला. त्याने तिचा हात हातात घेतला आणि तो रडू लागला. तिने हात सोडवून घेतला नाही. रडणं ओसरल्यावर म्हणाली, "बाबा, भेटायला येत जा. इथे राहता मात्र येणार नाही."

तो नव्या आईकडे वळला. "तू तरी चार शब्द बोल. शिव्या दे."

"रागवायला उभं राहावं लागतं," ती म्हणाली. "माझे पाय सुजलेत."

मग मुलीने भावाला फोन लावला. तो आता मामाचं दुकान सांभाळत होता. संध्याकाळी गाडी घेऊन आला आणि फारसं न बोलता बापाला घेऊन गेला. दुकानामागच्या खोलीत त्याची सोय केली. जाताना नव्या आईच्या पाया पडला, तब्येत विचारली. ती म्हणाली, हळू चालव.

गाडी गेल्यावर मुलगी उंबऱ्यात बसून राहिली. आपण त्याला ठेवून घ्यायला हवं होतं का, असं तिने विचारलं.

"मला नको विचारूस," नवी आई म्हणाली. "उद्या तुला शाळा आहे. चल, जेवून घेऊ."