सूत का इंच

हे मी अजून कोनालेच सांगितलं नाही. नवऱ्याले नाही, बाबाले तर नाहीच. तुमाले काहून सांगून राह्यली — तेही मले धड समजत नाही.

वाशीमकडच्या मालेगावजवळ, भाजीच्या मळ्यात आमचं सागवानी घर. मी इंजिनीअर झाली अन् म्हनलं, पाडायचं नाही. खांब-तुळया जुन्याच, आत काच, टाईल्स, नवा ओटा. लय ऐट होती मले! लाकडाच्या कामाले गोविंदकाका सुतार. सत्तरीचे. माहा पाळनाबी त्यायच्याच हातचा.

मधली तुळई नव्या भिंतीत बसत नव्हती. तिच्यावर मी खडूनं नुसतं ‘चार’ लिहून वाशीमले टाईल्स पाहाले गेली. दुकानात काकाचा फोन आला — चार सूत कापू, का चार इंच? सूत म्हंजे इंचाचा आठवा भाग. मले सूतच पायजे होतं. अन् मी काय म्हनलं? तेच तर!

तुळई चार इंच तोकडी झाली. खांबावर टेकेचना. अख्खं एक लाकूड, आज्याच्या वेळचं — शेवटी तिथं लोखंडी गर्डर टाकला. बाबा तुळईपाशी उकिडवे बसले. काका माह्याकडं पाहून राह्यले होते. अन् मी म्हनलं, "मी सूतच सांगितलं होतं. काकाले आताशा कमी ऐकू येते."

खरंच सूत म्हनलं असन का? दोन दिवस मलेबी तसंच वाटे. पन माह्या फोनात सारं बोलनं रेकॉर्ड होते. संडासात कडी लावून ऐकलं. काका दोनदा इचारतात, "इंच? पक्कं, माय?" अन् माहा आवाज — "हो ना काका, इंच! कितींदा सांगू?"

मंग मी ते पुसून टाकलं.

काहून? बाबा काही मारनार नव्हते. काका भांडले असते तर मी कबूल केलं असतं — का नसतं? माईत नाही. ते भांडलेच नाहीत. "असन बाप्पा, गेले असतीन कान," म्हनले. करवत, रंधा पुतन्याले देऊन टाकले. त्या दिवसापासून कोनाचंच काम धरलं नाही.

परवा बाजारात भेटले. मी हळूच म्हनलं, "बरे हा ना, काका?"

"बरा हाओ, माय," लगेच म्हनले. मंग काही आठवल्यासारखं कानामागं हात नेला. "पन जरा मोठ्यानं बोलत जाय. मले ऐकू येत नाही."

अन् मी मोठ्यानं बोलली.