रोडगे आणि सिनेमाचा शेवट
गोवऱ्यांचा धूर आला की मला साठ सालच्या सुमाराची कळंबची तंबूतली टॉकीज आठवते. मालकानं जुना सिनेमा पुन्हा लावला होता, जत्रेत हरवलेली मुलगी शोधणाऱ्या आईचा. आणि त्याच तिकिटात जत्रेतल्यासारखं रोडगे-वांग्याचं जेवण. तंबूमागे गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजायला माझी आई होती. लग्नाआधी तिनं तो सिनेमा अर्धाच पाहिला होता. "शेवट नीट पाह्यजो, मले सांगजो," म्हणाली. पण शेवटाआधीच रोडग्यांचा वास आत आला, माणसं उठली, मीही पंगतीकडे पळाले. वाढताना आईनं विचारलं, "सापडली काय वं तिले पोरगी?" माझ्या तोंडात घास होता. "सापडली," म्हणाले. आईनं पदरानं डोळे पुसले. तो सिनेमा मला पुन्हा कुठंच दिसला नाही. आई गेली, ती पोरगी सापडली असं समजूनच.