मावशीचा बर्फ

माझी मावशी सिनेमात चालते. दिसत नाही, नुसती चालते. नायिका जिना उतरते तेव्हा वाजतात त्या मावशीच्या टाचा, आणि खलनायक दार लोटतो तेव्हा करकरते ती मावशीच्या हातातली जुनी बिजागरी. चित्रीकरणात नीट न आलेले आवाज ती स्टुडिओच्या बंद खोलीत, समोर चित्र बघत, नव्याने करते. त्या खोलीच्या जमिनीत वाळूचा एक आणि खडीचा एक असे खड्डे आहेत, भिंतीला एकोणचाळीस जोड बूट-चपला टांगलेल्या आहेत. काचेपलीकडे बसून आवाज नोंदवते ती मी, तिच्या बहिणीची मुलगी.

मावसोबा कॉलेजात ग्रंथपाल होते. दर रविवारी सकाळी ग्रंथालयाच्या सभागृहात त्यांचं चित्रपट मंडळ भरतं, आणि तिथे फक्त परदेशी सिनेमे. आपला सिनेमा म्हटला की मावसोबा असं नाक मुरडायचे, जणू कोणी ओला मोजा हुंगायला दिलाय. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते ठीक, पण या घरात पिकलेलं पायदळी तुडवलं जात होतं.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. एका सिनेमात आंधळ्या म्हाताऱ्याची चाल मावशीने चार महिने खपून केली होती. पहिल्या खेळाला अख्खा स्टुडिओ आला, मावसोबांनाही तिने हाताला धरून आणलं. विसाव्या मिनिटाला ते उठले. दारात स्टुडिओच्या मालकांनी विचारलं, "काय हो, निघालात?"

"हिच्या चपला घरी फुकट ऐकतो की मी," मावसोबा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले.

लोक हसले. मावशीही हसली, आणि तिचं ते हसणं मला अजून सलतं. परत येताना ती मला एवढंच म्हणाली, "याला मी सोडणार नाही." भांडली नाही, रडली नाही. डूख धरून बसली. तिला एकच हवं होतं: त्यांच्याच माणसांसमोर त्यांच्या तोंडून तिच्या कामाची वाहवा.

गेल्या वर्षी संधी चालत आली. एका परदेशी कंपनीला आपला जुना कृष्णधवल सिनेमा दुरुस्त करून पुन्हा प्रदर्शित करायचा होता. नटांचं बोलणं शाबूत होतं, बाकीचे आवाज सडून गेले होते. काम आमच्याकडे आलं. एक म्हातारी मुलाला शोधत बर्फातून गावोगाव चालते, एवढीच गोष्ट. म्हणजे सगळा सिनेमा चालण्याचाच.

मावशीने बर्फ पाहिला होता तो फ्रीजमधला. तिने कापडी पिशवीत कॉर्नफ्लॉवर गच्च भरलं आणि म्हातारीच्या पावलाबरोबर दोन्ही मुठी त्यावर दाबत गेली. कर्र, कर्र. म्हातारी डावा पाय ओढायची, तर मावशीही डावी मूठ ओढायची. सतरा दिवस चाललं हे. शेवटी पडद्यावर येणाऱ्या नावांत आमचं नाव नव्हतं. मी चिडले.

"गप्प बस," मावशी म्हणाली. "नाव नाही तेच बरंय."

सिनेमा नव्याने आला, गाजला, आणि मंडळाच्या पंचविसाव्या वर्धापनदिनासाठी मावसोबांनी तो आपल्या हाताने निवडला. घरी चार वेळा पाहिला, आवाजावर भाषण लिहिलं. मावशी चहा देत होती, सदऱ्याला इस्त्री करत होती. "कसा आहे हो?" तिने एकदा विचारलं.

"तुला नाही कळायचं."

आज काय काम केलंस, हे त्यांनी नऊ वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. नाहीतर तेव्हाच वाचले असते.

रविवारी सभागृह खच्चून भरलं. मंडळाचं सिनेमा दाखवायचं यंत्र मीच चालवते. मावसोबांनी म्हातारीचा प्रसंग लावायला सांगितला. "डोळे मिटा आणि ऐका," ते म्हणाले. "हे पाऊल काढायला पिढ्यान्‌पिढ्या बर्फात घालवाव्या लागतात. आणि आपल्याकडचे लोक? चपला वाजवतात!" हशा पिकला.

शेवटच्या रांगेतून मावशी उठली. हातात पिशवी. व्यासपीठावर जाऊन म्हणाली, "अहो, तो माईक जरा खाली धरा."

ते गोंधळले, पण धरला. मी प्रसंग पुन्हा लावला आणि आवाज बंद केला. पडद्यावर म्हातारी चालू लागली, आणि टेबलावर मावशीच्या मुठी. डावी मूठ ओढत. मग मी सिनेमातला नोंदवलेला आवाज सोडला आणि मावशीने हात वर केले. पावलं चालतच राहिली. कुठे सांधा कळेना.

"सतरा दिवस लागले," मावशी म्हणाली. "हे कॉर्नफ्लॉवर आहे."

टाळ्या थांबेनात. मावसोबा हातात कागद धरून उभे.

"थांबलात का? अजून दोन पानं आहेत ना," मावशी गोड आवाजात म्हणाली. "आपल्याकडच्या लोकांचं वाचा की पुढे."

"वाचा, वाचा!" मागून कोणीतरी ओरडलं. मावसोबांनी कागदाची घडी घातली आणि खाली बसले.

नवऱ्याची अशी शोभा करतात का, म्हणून आई आठवडाभर मावशीशी बोलली नाही. मला मात्र तसूभर कीव आली नाही.

घरी मावसोबा म्हणाले, "मला एकदा सांगायचं होतंस."

"एकदा विचारायचं होतंत."

तिसऱ्या दिवशी ते "चुकलं" असंही म्हणाले. मावशी ऐकून कपड्यांच्या घड्या घालत राहिली. लोकांसमोर झालं तेवढ्याने तिचं पोट भरलं नव्हतं.

आता मावसोबा घरी परदेशी सिनेमा लावतात. पडद्यावर एखादं दार करकरलं की थांबवतात आणि आत हाक मारतात, "अगं, हे तुझं तर नाही?"

"असेलही," मावशी आतून म्हणते.

झालं. मग त्यांना ना कौतुक करता येतं, ना नाक मुरडता येतं. अर्ध्यावर बंद करून टाकतात. परवा ते मला स्टुडिओच्या फाटकाशी गाठायला आले. चेहरा उतरलेला. "मला फक्त यादी दे," म्हणाले. "तिने कुठले कुठले परदेशी सिनेमे केलेत? तेवढे सोडून बाकीचे तरी सुखाने बघेन."

मावशीने परदेशी सिनेमा आयुष्यात तो एकच केलाय.

"खूप आहेत, मावसोबा," मी म्हटलं. "सगळे मलाही आठवत नाहीत."