हलक्या काडतुसाची स्प्रिंग

मुरबे गावच्या त्या पोरीचं पिस्तूल सरावात तिसऱ्यांदा अडकलं, ती सकाळ अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. ती आमची महिला शिपाई. मी तेव्हा पालघरला निरीक्षक होतो आणि जिल्हा पोलिसांचा नेमबाजी संघ माझ्याकडे होता. निवड चाचणी दोन दिवसांवर आलेली आणि हिच्या पिस्तुलात काडतुसाची रिकामी पुंगळी सारखी अडकत होती.

दुपारी माझ्या टेबलावर बिनसहीची चिठ्ठी आली. ‘बेटेगावचा शिपाई रविवारी सुट्टी असून शस्त्रागारात होता.’ हा शिपाई म्हणजे तिचा संघातला प्रतिस्पर्धी. जागा एक, दावेदार दोघं. हेतू सापडला की आम्हा पोलिसांना निम्मा गुन्हा उलगडल्यासारखा वाटतो.

पिस्तूल उघडलं, तर आतली स्प्रिंग बदललेली. गोळी सुटली की पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे जाऊन पुंगळी बाहेर फेकते आणि ही स्प्रिंग तिला पुन्हा पुढे आणते. स्पर्धेसाठी ही पोरगी कमी बारुदाची हलकी काडतुसं वापरायची, म्हणून तिची स्प्रिंगही मुद्दाम हलकी ठेवलेली. तिथे कुणीतरी सरकारी काडतुसाला लागते तशी जोरकस स्प्रिंग बसवली होती. हलक्या काडतुसाला ती पुरती दबेना, स्लाइड अर्ध्यातून परत फिरे आणि पुंगळी मध्येच सापडे.

त्या शिपायाला मी दोन तास फैलावर घेतलं.

“रविवारी शस्त्रागारात होतास?”

“होतो, सर.”

“स्प्रिंग तू बदललीस?”

“नाय, सर.”

“मग कोणी?”

नाव काही तो सांगेना. माझा पारा चढला. निलंबनाचा प्रस्ताव टाइप करून घेतला आणि सहीसाठी पेन उघडलं.

तेवढ्यात शस्त्रागाराचा शिरस्ता आठवला. तिथे जुना भाग जमा केल्याशिवाय नवा मिळत नाही. म्हणजे जुनी स्प्रिंग आत असणारच. घातपात करणारा कधी वस्तू रीतसर जमा करून जातो का?

शस्त्रागाराचे हवालदार पंधरा दिवसांनी निवृत्त होणार होते. सगळं मुख्यालय त्यांना काका म्हणायचं. सोमवारपासून रजेवर होते, चौकशीच्या त्या दिवशीच परत हजर झालेले. मी निकामी भागांचा डबा मागितला. वरच तिची स्प्रिंग, तिला पिस्तुलाच्या क्रमांकाची चिठ्ठी दोऱ्याने बांधलेली. अक्षर काकांचं.

“मीच बदलली, साहेब,” ते अगदी कौतुकाने म्हणाले. “पार लुळी पडली होती. म्हटलं, पोरीची निवड हाय, आमी जाता जाता तिला नवी घालून देऊ. मला बारीक दिसत नाय, म्हणून त्या पोराला बॅटरी धरायला बोलावला.”

“तिची काडतुसं हलकी असतात, काका.”

“काडतूस हलकं कशाला असंल?”

जन्मभर सरकारी काडतुसं हाताळलेला माणूस तो. पिस्तूल अडकतंय हे सांगितलं, तसे ते ती जुनी स्प्रिंग बोटांत दाबून बघत राहिले. “पोरीला मीच नडलो व्हय?” एवढंच म्हणाले.

शिपायाला परत बोलावलं. आता तो बोलला. “काकांच्या मागं चौकशी लागली असती, सर. पेन्शन अडकली असती.”

प्रस्ताव मी त्याच्यासमोर फाडला आणि त्याची माफी मागितली. खरं काय ते अहवालात लिहिलं. विनापरवानगी भाग बदलल्याबद्दल काकांना लेखी समज दिली. पेन्शन वेळेवर सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी जुनी स्प्रिंग बसवून तिने पहिली गोळी झाडली. पुंगळी तीन पावलं उडून काकांच्या बुटापाशी पडली. त्यांनी ती उचलून खिशात टाकली.

“काका, आता हात नाय लावायचा हां!” ती ओरडली आणि सगळे हसले. चाचणीत तीच निवडली गेली. तिची पेटी उचलायला पहिला पुढे आला तो बेटेगावचाच शिपाई.

काकांची चूक मला लगेच दिसली, माझी दिसायला वेळ लागला. सराईत गुन्हेगारावर लावायचा जोर मी एका सरळ पोरावर लावला आणि त्याचे शब्द त्या पुंगळीसारखे आतच अडकले. त्या दोन तासांत मी त्याला साधं पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.