कोंढाळीच्या पुढची डावरी रोटीवाली

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर खाली कुणी "बघा, शेवटी आलात ना लायनीवर" असं लिहायला नको. मी लायनीवर आलेली नाही. नागपुरात धंतोलीला दवाखान्यांच्या फाटकांबाहेर गावाकडच्या पेशंटांना ताईत आणि मंतरलेलं पाणी विकणारे जे लोक असतात ना, त्यांच्या शेजारी उभी राहून मी पत्रकं वाटते. "ताईत नको, तपासणी करा!" शिव्या खाल्ल्यात, एकदा धक्काबुक्कीही झाली. आमच्या घरात आजोबांनी छप्पनला धम्म घेतला तेव्हापासून नवस, भूत, अंगात येणं, सगळं बंद. भीती दाखवून गरिबांचे खिसे कापायचा धंदा आहे तो, आणि ते मी आजही म्हणते.

पण आम्हीच लोकांना सांगतो की जे घडलं ते घडलं तसं सांगा, पदरचं घालू नका. मग तो नियम मलाही लागू आहे.

आम्ही नागपूरच्या टोकाला, अमरावती रोडवरच्या वाडीला राहतो, मी आणि आई. बाबा ट्रक चालवायचे... नागपूर-अकोला, कधी पुढे धुळ्यापर्यंत. तीन वर्षांपूर्वी गोदामात माल भरून होईपर्यंत जरा पडतो म्हणाले, ते उठलेच नाहीत. आई तेव्हा सावरली. स्वयंपाक, मशीनवर ब्लाऊज शिवणं, शेजारणींशी भांडणं, सगळं जागेवर. मात्र यंदाच्या थंडीपासून तिचं जेवण सुटलं. ताट घेऊन बसायची, तासभर बसायची, आणि दोन घास खाऊन उठायची. गालाची हाडं वर आली. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

सगळ्या तपासण्या केल्या. रिपोर्ट स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर भरती करून नळीनं अन्न द्यावं लागेल. मावशीचा फोन आला, "तिले बाहेरचं झालं वं."

"बाहेरचं म्हणजे काय वं मावशी, पार्सल?"

फोन आपटला तिनं. पण खरं सांगते, रात्री आईच्या शेजारी झोपताना तिचं मनगट हातात धरलं की माझा सगळा जोर जायचा. दोन बोटांत मावत होतं ते.

मार्चमध्ये अमरावतीला आमच्या पत्रकं वाटणाऱ्या गटाची बैठक होती. आईला एकटं ठेवायची हिंमत होईना, म्हणून मैत्रिणीची गाडी मागितली आणि आईला शेजारी बसवलं. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आईचं माहेर उमरेडकडे, म्हणजे पार उलट्या दिशेला. अमरावती रोडनं ती वाडीच्या पुढे कधीही गेलेली नव्हती. ट्रक ड्रायव्हरची बायको, पण हायवे तिनं बघितलाच नव्हता! बाबा दर खेपेला म्हणायचे, तुले एकडाव नेतो. आणि दर खेपेला गाडीत माल असायचा.

बाजारगावच्या पुढे एक काचेचं हॉटेल दिसलं. एसी, फॅमिली रूम, बाहेर प्लास्टिकचा जिराफ. म्हटलं, इथे सूप तरी पिईल. गाडी वळवली.

"इथं नको," आई म्हणाली. "इथं उभे रायत नाई ट्रकवाले. कोंढाळी सोडली का डाव्या अंगाले चिंच हाये. निळी ताडपत्री बांधली. तिथं थांबव."

"तुला काय माहीत?"

"तुये बाबा सांगतेत ना. रोटीवाली डावरी हाये. रोटी उलट्या बाजूनं फिरवते, पाहून मजा वाटते म्हणे."

मी दुर्लक्ष केलं. बाबांनी कधीतरी सांगितलं असेल, हिच्या डोक्यात राहिलं असेल. निदान खाण्याचा विषय तिनं स्वतः काढला होता, मला तेवढंच पुरे होतं.

कोंढाळी गेली. डाव्या हाताला चिंच आली. खाली निळी ताडपत्री.

दोन ट्रक उभे, बाजा टाकलेल्या, आणि चुलीवर पालथं घातलेलं मोठं मडकं. त्यावर लंबी रोटी भाजली जाते, बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. सैल कणीक हातावर झेलत झेलत कोपरापर्यंत लांबवतात आणि मडक्यावर अंथरतात. चुलीपाशी तिशीतली एक बाई बसली होती. तिनं गोळा उचलला... डाव्या हातानं. रोटी खरंच उलट्या बाजूनं फिरत होती.

मी चिंच, ताडपत्री, हात, सगळं पुन्हा एकदा बघून घेतलं. आई मात्र चप्पल काढून बाजेवर मांडी घालून बसली, जणू रोजचं गिऱ्हाईक.

"काय देऊ मावशी?"

"वांग्याची भाजी. जवस टाकलेली. अन् मले आख्खी रोटी दे, अर्धी नको."

बाई हसली. "ओळखीच्या दिसता."

"मालक येत होते माये."

मी चुलीपाशी गेले. सवयच आहे, चौकशी केल्याशिवाय राहवत नाही. "ताई, किती वर्षं झाली ठेल्याला?"

"वर्ष कुठलं? संक्रांतीले सुरू केला. पहिले संत्र्याच्या गोदामात पेट्या भरत होतो दोघंही."

"त्याआधी कुठे रोट्या करायच्या? दुसऱ्या धाब्यावर?"

"घरीच करत होती. सासू शिव्या दे, डाव्या हातानं रोटी करते म्हणून. आता त्याच हाताचं पाहाले लोक गाड्या थांबवतेत, त गल्ल्यावर तीच येऊन बसते!"

"आणि इथे काय होतं आधी?"

"काईच नाई. बाभळीच्या काट्या. आमच्या घरवाल्यानं साफ केल्या."

बाबा जाऊन तीन वर्षं. ठेला दोन महिन्यांचा.

मागे वळून पाहिलं तर आई जेवत होती. रोटी मोडून, रश्श्यात बुडवून, नाक ओढत, घाम पुसत. जेवत होती! अर्धी रोटी संपली, मग पाऊण. मग तिनं मान वर करून रोटीवालीला सुनावलं, "बाई, मीठ जास्त झालं भाजीत." आणि माझ्याकडे वळून हळूच, "हे नाई सांगतलं त्यायनं."

मला रडू आलं. मिरचीमुळे, असं मी त्या बाईला सांगितलं.

गाडीत बसल्यावर विचारलं, "आई, हे बाबांनी कधी सांगितलं तुला?"

"जेवाले बसलं का सांगतेत. कुठं काय खाल्लं, कोणाच्या हातचं. पहिलेपासूनच सवय हाये त्यायची. रस्त्यावर एकटेच जेवत, घरी आले का बोलत सुटत."

"म्हणजे... अजूनही?"

"हो. या थंडीपासून पुन्हा येतेत."

"मग तू जेवत काहून नव्हतीस?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आयकावं का जेवावं? एवढ्या दुरून सांगाले येतेत. मी घास चावत बसली त त्यायले वाटन, हिचं ध्यानच नाई."

बैठकीला गेले, पण काय ठराव झाले ते विचारू नका.

नंतर मी सगळं तपासलं. बाबांच्याच रोडवरच्या एका जुन्या ड्रायव्हरला विचारलं, तो म्हणाला त्या चिंचेखाली कधी चहासुद्धा मिळत नव्हता. आईचा फोन साधा बटणाचा, त्यावर व्हिडिओ दिसत नाही. शेजारपाजारचं कुणी सांगितलं असेल म्हणून दारोदार विचारून आले. नाही. योगायोग म्हणा. मीही तेच म्हणते, पण म्हणताना आवाज बारीक होतो. आणि कुणी हे वाचून आईला कुण्या बाबाबुवाकडे न्यायचा सल्ला दिलात, तर तुमच्या दारात येऊन पत्रकं वाटेन. ती वेडी झाली म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर. डॉक्टरांकडे आम्ही अजून जातो. वजन वाढतंय, ते खूश आहेत. काय केलंत विचारतात, मी म्हणते हवापालट.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. असतं तर छापून वाटलं असतं.

परवा जेवताना धीर करून विचारलं, "आई, बाबा आता काय म्हणतात?"

तिनं भाताचा घास केला, तोंडात टाकला, नीट चावून गिळला.

"आता काई म्हणत नाईत," ती म्हणाली. "समोर बसून रायतेत. जेवू देतेत मले."

आणि तिनं वरण पुन्हा वाढून घेतलं.