गुरुवारी दाखवायचं घर

आमचं घर फक्त गुरुवारी दाखवायचं, असं एजंटने ठरवलं होतं. चिंचवडच्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असायची. आमच्या मागच्या भिंतीपासून शंभर-दीडशे पावलांवर फोर्जिंगचा कारखाना होता. तिथला हॅमर तापलेल्या लोखंडावर पडला की आमच्या फळीवरची भांडी हलायची. वडील त्याच हॅमरवर कामाला होते.

घर विकायचं कारण आई. तिला दमा होता आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं, पुढचा हिवाळा या धुरात काढू नका. मोशीला मामाने जागा बघून ठेवली होती. हे घर गेल्याशिवाय ती घेता येत नव्हती.

भांडी वाजू नयेत म्हणून आई त्यांच्याखाली जुन्या लुगड्याच्या घड्या ठेवायची. एजंट म्हणाला, "वहिनी, ह्या चिंध्या काढा. बघणारा पहिलं हेच विचारणार, ह्या कशाला?" मी काढल्या. भिंतीच्या तड्यावर कॅलेंडर लावलं. खिडकीतली काजळी दर गुरुवारी सकाळी पुसू लागले. मग तो म्हणाला, "आणि वहिनी, तेवढा वेळ तुम्ही शेजारी बसा. खोकला ऐकला की माणूस भिंतींचा वास घ्यायला लागतो."

वडील त्याला हाकलतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "अर्ध्या तासाचा तर सवाल हाय."

आई चपला घालून निघाली. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

"बोलायचं काम हिच्याकडे," एजंटने माझ्याकडे बोट केलं. "कॉलेजात जाते. शिकलेल्या पोरीवर लोक विश्वास ठेवतात." माझ्याआधी आमच्या घरातलं कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. माझ्या शिक्षणाचा घराला झालेला पहिला उपयोग हा.

चार गुरुवार लोक येत राहिले. एकाने मोरीत चूळ भरून पाणी जातंय का ते पाहिलं. एका बाईने आमची वळकटी पायाने सरकवली. "आवाज-बिवाज?" कुणी विचारलं की मी म्हणायची, "नाही, शांत आहे."

पाचव्या गुरुवारी सांगवीहून एक शिक्षिका आणि त्यांचे यजमान येणार होते. सकाळीच कारखान्यातून वडिलांना ओव्हरटाइमचं बोलावणं आलं. "फक्त साच्याची डाय बसवायची हाय," ते जाताना म्हणाले. "हॅमर चालणार न्हाई."

बाईंना घर आवडलं. खिडकीपाशी उभ्या राहून त्या यजमानांना म्हणाल्या, "इथे माझं टेबल बसेल बघा, वह्या तपासायला."

तेवढ्यात पहिला ठोका पडला. फळीवरून एक वाटी खाली आली आणि फरशीवर फिरत राहिली.

"हे काय?"

"विहीर खणतायत कुठंतरी," एजंट म्हणाला. "सुरुंग असेल."

दुसरा पडला. तिसरा. भिंतीवरचं कॅलेंडर हलायला लागलं. बाईंनी एजंटला सोडून मला विचारलं, "तू सांग. काय आहे हे?"

"माझे वडील आहेत," मी म्हणाले. "हॅमरवर. आज सुट्टी असते, एरवी रोज चालतो. आणि आईला दमा आहे. तिचा खोकला ऐकू येऊ नये म्हणून तिला शेजारी बसवलंय."

हे मी खरेपणाने बोलले असं म्हणता येणार नाही. रागाने बोलले.

निघताना बाई म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं केलंस." मला त्यांचाही राग आला. त्या सांगवीला परत जाणार होत्या.

"घ्या! अजून शिकवा पोरींना," एजंट दारातून म्हणाला. तो पुन्हा आला नाही.

मी आईला आणायला गेले. शेजारच्या स्वयंपाकघरात ती तोंडावर पदराचा बोळा धरून बसली होती. हॅमर एवढा दणाणत होता की ती कितीही खोकली असती तरी कुणाला ऐकू गेलं नसतं.

"गेले?"

"गेले."

"आवडलं का?"

"खिडकी आवडली," मी म्हणाले.

संध्याकाळी वडील आले तेव्हा मी भांडायच्या तयारीत होते. त्यांनी आधीच मान खाली घातली होती. "सायबांना म्हणलो, आज नको, आज घर बघायला येणार हायेत," ते म्हणाले. "तर हसले. म्हणले, घर विकतोस का कारखाना?" मग भाकरी कुस्करत बसले. मला भांडता आलं नाही, आणि न भांडलेलंही आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी आईने भांड्यांखाली घड्या परत ठेवल्या. तो हिवाळा आम्ही तिथेच काढला. बरेच दिवस माझं कॉलेज बुडलं. मी तिच्या पाठीला तेल चोळत बसायची. एकदा धाप जरा कमी झाल्यावर तिने विचारलं, "त्या बाईंना लहान लेकरू होतं का गं?"

"माहीत नाही."

"असलं तर बरंच झालं, आले नाहीत ते."

मी तेलाची वाटी आपटली आणि बाहेर निघून गेले. बाहेरही हॅमर ऐकू येतच होता.