न वापरलेली नळी

परब सिस्टर गेल्याचा निरोप शेजाऱ्यांच्या टेलिफोनवर आला, तेव्हा मी सदऱ्याचे वरचे बटण लावत होतो. हात तिथेच थांबला. त्या बटणाखाली, गळ्याच्या खळगीत, एक जुना व्रण आहे. तो झाकण्याची माझी सवय मोडावी म्हणून सिस्टर अखेरपर्यंत झटल्या... दुपारी जेवून जरा आडव्या झाल्या आणि हृदय थांबले, एवढेच त्यांचे यजमान सांगू शकले.

काही वर्षांपूर्वी पायांतून वर चढत गेलेल्या पक्षाघाताने मला मुलुंडच्या एका इस्पितळातील अतिदक्षता विभागात नेऊन टाकले. छातीचे स्नायूही लुळे पडले, तेव्हा गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवली गेली आणि माझा श्वास यंत्राच्या स्वाधीन झाला. बोलणे गेले, खोकणेही गेले. छातीत साठलेला कफ परिचारिका एक बारीक रबरी नळी आत घालून यंत्राने ओढून काढत. तेथे त्याला सक्शन म्हणत. भोगणाऱ्याला मात्र वाटे, की कफासोबत आपला प्राणही कोणी ओढून नेत आहे. स्वतःचा कफ स्वतः खोकून काढता आला तरच गळ्यातली नळी निघेल, असे डॉक्टरांनी माझ्या पत्नीला स्पष्ट सांगितले होते. तोवर छातीत जंतू शिरण्याचे भय होतेच, आणि त्या अवस्थेत तसा संसर्ग मला झेपला नसता.

घड्याळ पाहून सक्शनची नळी घालणे परब सिस्टरांना मान्य नव्हते. त्या आधी छाती ऐकत आणि खरखर असेल तरच पुढे जात. रबरी पिशवी दाबून मला प्राणवायू देत, “भाऊ, येते हां,” असे सांगत, आणि नळी आत सरकवताना स्वतःचा श्वास रोखून धरत. आपल्याला श्वास घ्यावासा वाटला की समोरच्यालाही तो हवाच, म्हणून नळी बाहेर, असा त्यांचा हिशेब. तो मला पुष्कळ उशिरा कळला. मी फक्त त्यांचा चेहरा पाहत असे. नाकपुड्या फुलल्या, की सुटका जवळ आली...

थोडी शक्ती परतू लागल्यावर त्या माझ्या पोटावर तळवा ठेवून खोकायला लावू लागल्या. मी प्रयत्नच न करता डोळे मिटून घेई. असहायतेचाही एक अहंकार असतो, हे मला त्या खाटेवर उमगले. त्या हसून म्हणत, “ऑफिसात फायली ढकलता ना? मग हा कफ ढकला.”

एका सकाळी पोटातून काहीतरी उसळले आणि कफाचा गोळा आपणहून गळ्यातल्या नळीच्या तोंडाशी आला. सिस्टरांनी तो पुसला. माझी छाती पुढून ऐकली, मला कुशीवर वळवून पाठीमागून ऐकली. हातात तयार धरलेली सक्शनची नळी त्यांनी तशीच परत ट्रेमध्ये ठेवली, आणि एरवी नेटके बोलणाऱ्या त्या बाईंच्या तोंडून मालवणी फुटली, “ह्यांनी माका कामच ठेवूक नाय गो!” साऱ्या परिचारिका माझ्या खाटेभोवती गोळा झाल्या. काही दिवसांनी गळ्यातली नळी निघाली. छिद्रावर बोट दाबून मी पत्नीला पहिल्यांदाच चारचौघांत नावाने हाक मारली, “सुमन.” ती लाजली, आणि मग रडली.

पुढे परिचारिकांची नवी तुकडी आली, की सिस्टर मला बोलावून घेत. सक्शन करताना रुग्णाला काय वाटते, ते त्याच्याच तोंडून मुलींनी ऐकावे, हा त्यांचा आग्रह. एकदा मी त्या मुलींना संकोचत सांगितले, की मी या बाईंना जल्लाद म्हणत असे.

“म्हणत कसले होता?” सिस्टर म्हणाल्या. “आवाज होता काय तुम्हाला?”

सिस्टर गेल्यावरही, गेल्या आठवड्यात विभागातून नेहमीसारखेच बोलावणे आले. मी गेलो. कोणी सांगण्याआधीच मी वरचे बटण काढले आणि मुलींना व्रण दाखवला. शेजारच्या खाटेवरच्या वृद्धाची छाती वाजत होती. मुलींतल्या एकीने ती ऐकली, “आजोबा, येते हां,” म्हणाली आणि ओठ घट्ट मिटून नळी आत सरकवली. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो. नाकपुड्या फुलल्या... नळी बाहेर आली. आजोबांनी श्वास घेतला, तिने घेतला, आणि मग माझ्या ध्यानात आले, की मीही आत्ताच घेतला.